काल काय झालं वं?

मालिकांच्या प्रेक्षकांबद्दल जे लिहितात, त्यांतले बरेच जण मालिका पाहत नाहीत. त्यामुळे लिखाणात एक तर 'बायकांना काय, रडारड लागते' हा सूर असतो, नाहीतर या आठवड्यात पहिलं कोण, दुसरं कोण याचा तक्ता. नवा भाग बघून उठलेलं माणूस नेमकं काय बोलतं, कशावर चिडतं, कशाला 'आता जमलं' म्हणतं, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. वर्धा जिल्ह्यात ही नोंद घ्यायला फार लांब जावं लागत नाही. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सकाळी वावरात ओळी धरल्या की पऱ्हाटीच्या दोन तासांमधून पहिला प्रश्न येतो, "काल काय झालं वं?" रात्री जिच्याकडे लाईट नव्हती किंवा जिचा नवरा बातम्या लावून बसला होता, ती विचारते. जिने पाहिलं ती सांगते, आणि सांगता सांगता निकालही देऊन टाकते.

हा निकालच माझ्या मते मुख्य आहे. भागाची गोष्ट सांगायला दोन वाक्यं पुरतात, उरलेला वेळ पात्रांच्या वागण्याची चौकशी चालते. तिने पैसे का दिले, सासूनं ऐकून का घेतलं, पोरीला कळत कसं नाही. आपल्याच भावकीतल्या एखाद्या घराची करावी तशी ही चौकशी असते. तरीही बोलणाऱ्या बाईला ते घर खोटं आहे आणि ते लिहिणारं कुणीतरी मुंबईत बसलंय, हे पक्कं ठाऊक असतं. एकाच वाक्यात ती नायिकेला शहाणपण शिकवते आणि लेखकाला शिव्या घालते: "थे बिचारी काय करन, लिवणाराच भैताड हाय."

ही दुहेरी नजर वर्ध्यापुरती नाही. 'डॅलस' ही अमेरिकी मालिका हॉलंडमध्ये गाजत होती तेव्हा इएन आंग या अभ्यासक बाईंनी एका महिला मासिकात जाहिरात देऊन प्रेक्षकांची मतं मागवली. बेचाळीस पत्रं आली. त्यांवर उभं राहिलेलं त्यांचं पुस्तक १९८५मध्ये इंग्रजीत आलं. टेक्सासच्या तेलसम्राटांचं घर आपल्यासारखं नाही हे त्या डच बायकांना कळत होतं, पण त्यांची भांडणं, हेवा, फसवणूक खरी वाटत होती. काही तर मालिकेची टिंगल करण्यासाठीच ती न चुकता पाहत. आपल्याकडच्या प्रेक्षकाला भोळा ठरवणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचायला हवं.

थोडं मागे जाऊ. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण विदर्भाच्या या भागात टीव्ही खऱ्या अर्थानं पोचला तो ऐंशीच्या दशकात. दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावावर मुंबई-पुणं हसत होतं तेव्हा आर्वी-हिंगणघाटला टीव्ही ही ऐकीव गोष्ट होती. इथल्या लोकांची मालिकेशी पहिली ओळख हिंदीतून झाली. १९८४मध्ये 'हम लोग', मग 'बुनियाद', आणि जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी 'रामायण'. या जिल्ह्याला हिंदीचं वावडं कधी नव्हतंच. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६पासून वर्ध्यात आहे आणि महात्मा गांधींच्या नावाचं हिंदी विद्यापीठही इथेच आहे. आजही एकाच घरात 'तारक मेहता' आणि मराठी मालिका दोन्ही चालतात, आणि प्रेक्षक सहज एकीचं माप दुसरीला लावतो. 'आई कुठे काय करते' आणि 'अनुपमा' या एकाच बंगाली मालिकेवरून, 'श्रीमोयी'वरून बेतलेल्या. दोन्ही पाहणाऱ्या घरांत अरुंधती आणि अनुपमा यांची तुलना जितकी बारकाईनं व्हायची, तितकी कुठल्या समीक्षेत माझ्या वाचनात आलेली नाही.

साप्ताहिक मालिकेच्या काळात प्रतिक्रियेला आठवडा मिळायचा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१मध्ये सुरू झाली, तेव्हा आबांचं एखादं वाक्य पुढचा भाग येईपर्यंत घरात फिरत राहायचं. रोजच्या मालिकेनं ही सवय मोडली. दूरदर्शनवरची 'दामिनी' ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका. १९९९मध्ये अल्फा मराठी आणि पाठोपाठ ईटीव्ही मराठी आल्यावर रोजचा भाग हाच नियम झाला. ईटीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' २००१पासून तब्बल अकरा वर्षं चालली आणि तिनं तीन हजारांवर भाग केले. ती सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली पोर ती संपली तेव्हा सहावी-सातवीत गेली होती. इतकी वर्षं रोज घरात येणाऱ्या माणसाबद्दल समीक्षकासारखं बोलणं शक्यच नसतं. सोयऱ्यासारखंच बोलणार.

वर्ध्यापुरतं बोलायचं तर या सगळ्या आढाव्याच्या मध्यावर एकच मालिका येते. २२ ऑगस्ट २०१६ला झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. नवरा गुरुनाथ मुंबईत नोकरीला, त्याची ऑफिसातली शनाया, आणि घरी नागपूरकडची बायको राधिका. कथानक जुनंच. नवं होतं ते राधिकाचं बोलणं. 'करून राहिले', 'येऊन राहिले' असं बोलणारी नायिका, तीसुद्धा रात्री आठला, सगळ्या महाराष्ट्राच्या घराघरांत! अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. त्यांनी ही बोली शिकून घेतली आणि चार-साडेचार वर्षं ती निभावली.

पहिल्या महिन्यांतली इथली प्रतिक्रिया मला चांगली आठवते, कारण ती एकसुरी नव्हती. म्हाताऱ्या बायका खूष होत्या. "आपल्यावानी बोलते थे," एवढ्यावरच त्यांनी राधिकाला घरात घेतलं. कॉलेजात जाणाऱ्या पोरी मात्र अवघडल्या. पुण्याला शिकायला गेल्यावर ज्या बोलण्याची मैत्रिणींनी नक्कल केली, जे बोलणं त्यांनी प्रयत्नानं सोडलं, तेच आता टीव्हीवर लागत होतं आणि लोक पुन्हा हसत होते. तिसरा गट चुका काढणाऱ्यांचा. त्यात मास्तर लोक जास्त. हे वऱ्हाडी नव्हे, नागपुरीही नव्हे, दोन्हीची खिचडी आहे. सगळ्या वाक्यांना 'राहिले' लावलं की झाली का बोली?

या तक्रारीला इथे जरा वजन आहे. वर्धा नदी हीच जुनी हद्द. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे नागपूरकडचा मुलूख. १८६२मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा वेगळा काढला, तरी नदीकाठच्या पुलगाव-आर्वीचं बोलणं आणि हिंगणघाट-समुद्रपूरचं बोलणं आजही कानाला वेगळं लागतं. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात कुणाच्या 'गा'मध्ये जोर, कुणाच्या 'वं'मध्ये, हे ओळखणारी माणसं अजून आहेत. त्यांना राधिकेची बोली कुठल्या गावची, हा प्रश्न पडणारच. पण मला ही तक्रार अर्धीच पटते. मुंबईच्या मालिकांमधली 'प्रमाण' मराठी तरी कुठल्या गावची असते? ती कुणाच्याच घरात बोलली जात नाही आणि तिच्या अस्सलपणाचा दाखला कुणी मागत नाही.

खरी खंत वेगळी आहे, आणि ती बायकांनीच आधी बोलून दाखवली. राधिकाची भाषा तिच्या साधेपणाची खूण म्हणून वापरली होती. ती गावरान, शनाया आधुनिक; आणि हा फरक दाखवायला साडीइतकीच बोलीही कामाला लावली. म्हणजे वैदर्भी बोललं की माणूस भोळं, हे गृहीतक मालिकेनं मोडलं नाही, उलट त्यावर इमारत बांधली. पुढे राधिका मसाल्याचा धंदा काढते, कोट्यवधींची कंपनी उभी करते, सौमित्रशी दुसरं लग्न करते, तरी बोली सोडत नाही, हे तिचं मोठं देणं. कोट्यवधींच्या कंपनीवर विनोद खूप झाले. बचत गटातून मसाला-पापड विकणाऱ्या बाईला बँकेत पन्नास हजारांसाठी किती खेटे घालावे लागतात, हे जिला माहीत आहे ती हसणारच. पण दुसऱ्या लग्नाच्या भागांवर मी जे ऐकलं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्या घरांत टाकलेल्या लेकी माहेरी राहतात, तिथे "बरं केलं तिनं" हे वाक्य बाप माणसांच्या तोंडूनही आलं.

मार्च २०२१मध्ये ही मालिका संपली तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटलं नाही, इतकी ती ताणली होती. पण तिच्यानंतर इतकी वर्षं आपल्यासारखं बोलणारी, इतकी चाललेली दुसरी नायिका टीव्हीवर दिसली नाही, हे लोकांना हळूहळू जाणवलं.

असं का व्हावं, याचं उत्तर मोजणीत आहे असं मला वाटतं. प्रेक्षकांची मोजणी करणाऱ्या बार्क या संस्थेनं ऑक्टोबर २०१५पासून ग्रामीण घरंही मोजायला सुरुवात केली. त्याआधीचा हिशेब शहरांतलाच. पुढच्या दोन वर्षांत मराठी वाहिन्यांवर काय आलं ते पाहा: कोकणातलं 'रात्रीस खेळ चाले', नागपूरकडची राधिका, कोल्हापूरच्या मातीतलं 'तुझ्यात जीव रंगला', साताऱ्याच्या फौजीचं 'लागिरं झालं जी'. हा निव्वळ योगायोग नसावा. गावाकडचा प्रेक्षक आकड्यात दिसू लागला आणि गाव पडद्यावर आलं. पण जे गाव आलं ते बहुतेक सातारा-कोल्हापूरचं. कारण रोकडं आहे. कलाकार मुंबईचे, चित्रीकरण मुंबई-ठाण्याच्या स्टुडिओंत. गावाचं गाव दाखवायचं तर एका रात्रीच्या प्रवासात सातारा गाठता येतो. वर्ध्याला युनिट आणून रोज भाग काढणं कुठल्या निर्मात्याला परवडणार? म्हणून विदर्भ मालिकेत येतो तो माणसाच्या तोंडून येतो, जागा म्हणून येत नाही. वर्धा शेतकरी आत्महत्यांमुळे दिलेल्या २००६च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. इथल्या शेतकरी कुटुंबाच्या घरात रोज रात्री जी मालिका लागते, तिच्यात कापसाचा भाव पडल्यानं कुणाचं लग्न मोडलेलं मी पाहिलेलं नाही.

कोकणात 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा तिथून जाहीर आक्षेप निघाले. आमच्या मुलखाला भुताखेतांचा मुलूख ठरवता काय, असा राग होता. पुढे मालिकेतला आकेरीचा वाडा बघायला लोक गाड्या करून जाऊ लागले आणि अण्णा नाईक, शेवंता घरचे झाले. विदर्भात राधिकेविरुद्ध मोर्चा निघाला नाही. इथली नाराजी अंगणातच राहिली. माझ्या मते हा इथला स्वभावच. माणूस घरात भरपूर बोलतो आणि पत्र लिहायची वेळ आली की "जाऊ दे ना बावा" म्हणतो.

आता ताणण्याबद्दल. नव्या भागावरची सर्वांत जुनी, सर्वांत मोठी तक्रार हीच. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लांबलेल्या बाळंतपणावर २०१५मध्ये जे विनोद फिरले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर फिरले असतील. स्टार प्रवाहवर डिसेंबर २०२२मध्ये सुरू झालेल्या 'ठरलं तर मग'मध्ये मधुभाऊंवरचा खुनाचा खटला अडीच वर्षं उलटली तरी चालूच होता. इथल्या एका घरात त्यावर ऐकलेलं मत: "हे तर आमच्या वावराच्या केसीवानी झालं, तारीख पे तारीख." तरी ती मालिका त्या घरात एक दिवस चुकत नव्हती. आणि महाराष्ट्रातही ती आठवड्यामागून आठवडे पहिली होती.

हा विरोधाभास वरवरचा आहे. प्रेक्षकाला लांबण्याचा राग येत नाही. घरातली भांडणं, खटले, लग्नं जमणं हे सगळं आयुष्यातही लांबतंच. त्याला राग येतो तो मूर्ख बनवल्याचा. 'ठरलं तर मग'मध्ये तन्वी म्हणून किल्लेदारांच्या घरात वावरणारी प्रिया खोटी आहे आणि खरी तन्वी नायिका सायलीच, हे पहिल्यापासून प्रेक्षकाला माहीत होतं. ते इतरांना कधी कळणार यासाठी तो थांबायला तयार होता. पण एखादा पुरावा दाराआडून ऐकला जातो आणि ऐकणारी नेमकी चुकीची असते, फोन वाजतो आणि टेबलावर पडून राहतो, लिफाफा हातात येतो आणि उघडायच्या आत कुणीतरी हाक मारतं, तेव्हा घरातली सगळ्यात शांत आजीसुद्धा उसळते: "उचल ना वं थो फोन! काऊन नाई उचलत?" असल्या प्रसंगांची यादी प्रेक्षकांना पाठ आहे. पार्श्वसंगीत बदललं की पुढे काय होणार हे शाळकरी पोरही सांगतं. लेखकांनी युक्ती बदलली पाहिजे, गोष्ट लवकर संपवायला हवी असं नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२मध्ये काही महिन्यांतच ठरल्याप्रमाणे संपली, तेव्हा लोकांनी हळहळच केली. वेळेवर संपवणाऱ्याला शाबासकी मिळते, पण ती टीआरपीत दिसत नाही, म्हणून तो धडा कुणी फारसा घेतला नाही.

मूर्ख बनवण्याचा दुसरा प्रकार म्हणजे माणूसच फिरवणं. 'तुला पाहते रे'मध्ये सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे आधी वयानं मोठा पण सज्जन प्रियकर म्हणून लोकांच्या गळी उतरवला आणि मग तोच खलनायक, ईशा म्हणजे राजनंदिनीचा पुनर्जन्म. वयाच्या अंतरावरून ज्यांनी आधी नाकं मुरडली होती, ते "सांगितलं होतं ना" म्हणत सुटले. ज्यांनी त्या प्रेमाची बाजू घेतली होती, त्यांना मात्र तोंडघशी पाडल्यासारखं झालं.

चेहरा बदलण्याचं दुःख छोटं, पण खरं. शनाया रसिका सुनीलची इशा केसकर झाली आणि पुढे पुन्हा रसिका आली. 'प्रेमाची गोष्ट'मधून जानेवारी २०२५मध्ये तेजश्री प्रधान गेल्या आणि मुक्ताच्या जागी स्वरदा ठिगळे आल्या. अशा वेळी पहिले चार-सहा दिवस नव्या बाईनं कितीही चांगलं काम केलं तरी तिला माफी नसते. मग सवय होते. ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५मध्ये गेल्या तेव्हा 'ठरलं तर मग'मधली पूर्णाआजी गेल्याचं दुःख लोकांनी खरोखर केलं. पडद्यावरच्या आजीचं की कलाकाराचं, असा भेद त्या दिवशी कुणी केला नाही.

विनोदी कार्यक्रमांची बात निराळी, आणि मला तीच जास्त कुतूहलाची वाटते. नाट्यमय मालिकेत जे पुन्हा पुन्हा केल्याचा राग येतो, तेच विनोदात पुन्हा पुन्हा हवं असतं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८पासून सोनी मराठीवर आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांच्या या कार्यक्रमात समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर यांची ठरलेली माणसं ठरलेल्या लकबी घेऊन येतात. ओंकार भोजने काय बोलणार हे माहीत असतं आणि ते बोलेपर्यंत घर वाट पाहतं. नव्या स्किटवरचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे "पुन्हा लाव". टाळेबंदीच्या काळात १९ मार्च २०२०पासून चित्रीकरण थांबलं आणि १३ जुलैपर्यंत नवे भाग बंद होते. तेव्हा मालिकांचे जुने भाग बघताना लोक कंटाळले, हास्यजत्रेचे जुने भाग मात्र औषधासारखे पाहिले गेले. खाटेवर पडलेल्या माणसाच्या उशाशी मोबाईलवर तेच लागलेलं असायचं.

'चला हवा येऊ द्या' ऑगस्ट २०१४मध्ये आला तेव्हा विदर्भाला त्यात आपला माणूस मिळाला, अमरावतीचे भारत गणेशपुरे. राधिकेच्या दोन वर्षं आधी! फरक असा की गणेशपुऱ्यांच्या बोलण्यावर कुणी चुका काढल्या नाहीत. एक तर ते बोलणं त्यांचं स्वतःचं होतं. दुसरं म्हणजे विनोदात बोली चालते, हे आपल्याकडे जुनं ठरलेलं आहे. बोली रडायला लागली की अडचण होते. याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रं वाचायचे आणि हसणारं घर एकदम गप्प व्हायचं. शेतकऱ्याच्या पत्राच्या वेळी आमच्या भागात कुणी चॅनल बदलल्याचं मला आठवत नाही.

पुरुषांनी लुगडं नेसून विनोद करायचा, यावर मात्र इथे पिढ्यांचा वाद आहे. खडी गंमत हे इथलं लोकनाट्य पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना त्यात वावगं दिसत नाही. गंमतीतला नाच्या पुरुषच असतो, आणि त्याच्या अदांवर गाव रात्रभर बसतं. नातीला तेच पाहून बाईची टिंगल वाटते. 'चला हवा येऊ द्या'मध्ये लुगड्यातले भाऊ कदम लाजले की आजोबा खदखदून हसायचे आणि नात उठून आत जायची. दोघांचंही चुकत नाही, पण आजोबांच्या बाजूला परंपरा आहे म्हणून नातीचा आक्षेप खोटा ठरत नाही. शेजारच्या झाडीपट्टीत, गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडे, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. तिथे प्रतिक्रिया जागच्या जागी मिळते, शिट्टीनं, बक्षिसानं किंवा उठून जाण्यानं. मालिकेतली मंडळीही तिथे कामाला जातात आणि त्यांना प्रेक्षक समोरासमोर भेटतो. टीव्हीला हा प्रेक्षक दिसत नाही. त्याच्याकडे आकडा असतो.

आकडा किती तोकडा आहे, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वीच्या हिशेबानं देशात टीव्ही असलेली घरं एकवीस कोटींच्या आसपास होती, आणि बार्कचं यंत्र सुमारे ५५ हजार घरांत होतं. म्हणजे पावणेचार हजार घरांमागे एक. दर गुरुवारी येणाऱ्या या आकड्यांवर मालिका जगतात, मरतात. यंत्राला टीव्ही चालू होता एवढंच कळतं. शिव्या देत पाहिलं की डोळे पुसत, हे कळत नाही. चिडून पाहणाऱ्या प्रेक्षकाचा राग त्यामुळे वाहिनीच्या वहीत पसंती म्हणूनच जमा होतो.

याचा फटका कसा बसतो, ते 'सावित्रीजोती'नं दाखवलं. जानेवारी २०२०मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेली ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांनी उचलून धरली, पण आकडे कमी म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात ती गुंडाळावी लागली. त्याआधीची स्टार प्रवाहवरची 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा', सागर देशमुखांची, १८ मे २०१९पासून दीड वर्ष चालली. वर्धा-नागपूर पट्ट्यात तिचं पाहणं वेगळंच होतं. १९५६चं नागपूरचं धर्मांतर ज्यांच्या घरातल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना पुढे काय होणार याची उत्कंठा नव्हती. ते भाग तपासत होते. खैरमोड्यांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी विहारात सांगायचा, हे बरोबर दाखवलं, हे गाळलं, रमाईचा हा प्रसंग असा नव्हता. एवढा जाणता प्रेक्षक कुठल्या वाहिनीला मिळतो? आणि मिळाला तर त्याचं काय करायचं, हे तिला ठाऊक असतं का?

मालिकांनी माणसं बिघडतात की सुधारतात, हा वाद मी फार वाढवणार नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांच्या २००९च्या अभ्यासानुसार गावात केबल आल्यावर नवऱ्याची मारहाण योग्य मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं. त्यांनी पाहिलेल्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, गोवा होता. कर्क जॉन्सन यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन डोंगरी गावांत राहून टीव्हीनं गाव कसं बदलतं ते लिहिलं. विदर्भातल्या प्रेक्षकावर असं काम माझ्या पाहण्यात नाही. पण राधिकेच्या दुसऱ्या लग्नावर "बरं केलं" म्हणणारे बाप पाहिल्यावर मला तो २००९चा निष्कर्ष अवाजवी वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत प्रतिक्रियेची वेळच बदलली आहे. जिओ सप्टेंबर २०१६मध्ये आलं, राधिकेच्या पाठोपाठ दोनच आठवड्यांनी. त्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि मालिका खिशात गेली. आता वावरात जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एकीचा मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केला जातो आणि चार-पाच जणी रात्रीचा भाग सव्वा पटीनं पळवून पाहतात. गाणं आलं, पुढे. रडणं आलं, पुढे. खलनायिका आली की थांबवतात. बावीस मिनिटांचा भाग दहा मिनिटांत उरकतो, आणि त्यातलं काय ठेवलं, काय टाकलं, यातच त्यांची समीक्षा झालेली असते.

वाहिन्यांनी यावर प्रोमो शोधून काढला. दोन दिवस आधी मोबाईलवर येणाऱ्या अर्ध्या मिनिटात थप्पड, लग्न, गुपित सगळं असतं. लोक भागाआधी प्रोमोवर भांडतात आणि भाग लागतो तेव्हा तो शिळा झालेला असतो. त्यातून प्रोमोत दाखवलेला प्रसंग भागात आलाच नाही, स्वप्न निघालं, असंही होतं. त्यामुळे सकाळचा प्रश्न थोडा बदललाय. आता कापूस वेचता वेचता कुणी "काल काय झालं" असं सरळ विचारत नाही. विचारते ती असं: "प्रोमोत दाखवलं थे खरं झालं का, का पुन्हा सपनच?" आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "सपनच होतं बाई. आज पाहा म्हणते."